खुर्चीत न पोचणारी धमधम

हेडक्लार्क तसे सरळ गृहस्थ. ऑफिसात त्यांनी कुणाचा कागद अडवला नाही आणि घरात कुणाचा शब्द ऐकला नाही. (हे दुसरं मुद्दाम नव्हे; त्या वेळी ते पेपर वाचत असत.) असा माणूस सबवूफरच्या, म्हणजे नुसती धमधम वाजवणाऱ्या स्पीकरच्या, भानगडीत पडला नसता. पण त्यांना एक साडू होता, आणि साडू असला की सरळ माणसाचंही एखाद्या दिवशी वाकडं होतंच.

झालं काय, साडूभाऊंच्या घरी नवी साउंड सिस्टिम आली. कंपनीचा माणूस स्वतः येऊन बसवून गेला. हेडक्लार्क ती ऐकायला गेले, सरबत प्यायले, दुसरा ग्लासही प्यायले, आणि चपला घालता घालता बोलून गेले, "आवाज छान आहे. पण छाती हलली पाहिजे, ती काही हलत नाही."

"तुमच्याकडे हलते का?" साडूभाऊंनी हसत विचारलं.

हेडक्लार्कांकडे तेव्हा दोन साधे स्पीकर होते, आणि त्यातला एक लहर लागली तरच वाजायचा. तरी ते म्हणाले, "पुढच्या रविवारी या आणि बघा." सोबत आलेली बायको जिन्यात चार पायऱ्या पुढं निघून गेली. ती पुढं निघून गेली की प्रकरण गंभीर असतं, एवढं त्यांना लग्नाच्या अनुभवानं कळत होतं.

दुसऱ्याच दिवशी अँप्लिफायर आणि सबवूफरचं ते काळं खोकं घरी आलं. दुकानदार बसवायला माणूस पाठवतो म्हणत होता. हेडक्लार्कांनी त्याला हातानंच थांबवलं. दोन वायरी जोडायला माणूस कशाला? खरा प्रश्न जागेचा होता. हॉलला कोपरे चार. एकात बाहेरचं दार, एकात आतल्या खोलीचं दार, एकात फ्रिज, आणि चौथ्यात बायकोचं शिलाई मशीन. दारं हलवता येत नाहीत, फ्रिज हलवायला माणसं लागतात, म्हणून मशीन हललं. ते गेलं बेडरूममध्ये, पलंग आणि कपाट यांच्या फटीत. आता बायकोला अभ्रा शिवायचा झाला तरी पलंगावरून रांगत पलीकडे उतरावं लागे.

"रविवारी भाऊजींसमोर वाजलं तर वाजलं," ती गुडघा चोळत म्हणाली. "नाही वाजलं, तर खोकं दुकानात आणि माझं मशीन कोपऱ्यात. मग मला काही सांगायचं नाही."

"मंजूर," हेडक्लार्क म्हणाले आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

या खुर्चीबद्दल सांगायला हवं. हॉलच्या मधोमध, पाठ स्वयंपाकघराकडे, अशी ती लाकडी खुर्ची. तिच्यात हेडक्लार्कांखेरीज कुणी बसत नसे. तसा काही नियम नव्हता, पण बसत नसे. ऑफिसातून आले की ते तिच्यात बसत आणि जेवायची हाक आली की उठत. चहा तिथं येई, पाणी तिथं येई, चष्मासुद्धा तिथं येई.

तर त्यांनी खुर्चीत बसून रिमोट दाबला, डोळे मिटले आणि छाती हलायची वाट पाहू लागले. गाणं लागलं. गायक व्यवस्थित गायला. पण ती धमधम, जिच्यासाठी एवढं रामायण केलं, तिचा पत्ता नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी उशी झोडपतंय, एवढंच काय ते ऐकू येत होतं.

मग सुरू झाली तपासणी. हेडक्लार्कांचं काम ऑफिसच्या शिस्तीचं. आधी सगळं बंद करायचं, कारण चालू यंत्राला हात लावू नये असं माहितीपुस्तकात ठळक छापलं होतं. मग एकच काय तो बदल करायचा, खुर्चीत येऊन बसायचं, रिमोट दाबायचा, डोळे मिटायचे आणि अभिप्राय द्यायचा. लाल वायर काढून घट्ट लावली. अभिप्राय : फरक नाही. काळी लावली. फरक नाही. मागं 'फेज' नावाचं एक बटण होतं, ते इकडचं तिकडे केलं. धमधमीचा जोर वाढवणारं 'गेन'चं बटण अर्ध्यावरून पाऊण केलं. फरक नाही. असं रोज संध्याकाळी चालायचं.

दरम्यान घरात वेगळ्याच तक्रारी येऊ लागल्या.

"अहो, फळीवरच्या बरण्या थडथडतात," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"झाकणं घट्ट लावत जा," हेडक्लार्क डोळे न उघडता म्हणाले.

"कमी करा जरा. बोललेलं ऐकू येत नाही."

"अगं, वाढतच नाहीये, तर कमी काय करू?" बायकोला हे खोकं पहिल्यापासून खुपतंय, तिला पिन पडली तरी गोंगाट वाटणार, असा त्यांचा पक्का समज होता.

आतल्या खोलीत त्यांची आई असे. तिला ऐकू कमी येई. ती मात्र खुशीत होती. "अरे, डॉक्टरांनी कानात घालायला दिलेले थेंब लागू पडले बघ," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मला छान ऐकू येतं. पेल्यातली कवळीसुद्धा वाजते." हेडक्लार्कांना आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. आईला कवळी ऐकू येते आणि आपल्याला सबवूफर येत नाही.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकदा वर आले. "तुमच्याकडे कुणी उड्या मारतंय का हो? माझं घड्याळ भिंतीवर रोज तिरकं होतं."

"छे हो. आमच्याकडे तर आवाजच निघत नाही, तेच दुखणं आहे," हेडक्लार्क म्हणाले. मग दोघांनी मिळून इमारतीच्या पाण्याच्या पंपाला भरपूर नावं ठेवली आणि मास्तर समाधानानं खाली गेले.

रविवार उजाडला. साडूभाऊ संध्याकाळी आले, खोक्याभोवती एक फेरी मारून "वा, मोठं आहे" म्हणाले. पाहुण्याचा मान म्हणून हेडक्लार्कांनी त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, गेनचं बटण पार शेवटाला नेलं, मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली आणि रिमोट दाबला.

साडूभाऊंनी छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "हलते की," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे, श्वासानं हलते तेवढी."

हेडक्लार्कांना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. काहीतरी करायचं म्हणून ते पुटपुटले, "मी चहा बघतो," आणि गाणं चालू असताना, जन्मात पहिल्यांदाच, स्वयंपाकघरात शिरले.

उंबऱ्यातच त्यांच्या छातीवर कुणीतरी बुक्की मारली. मग दुसरी. बरण्या फळीवर नाचत होत्या, चमचे एकमेकांशी भांडत होते, कपातला चहा आपोआप ढवळला जात होता. बायको कानात कापसाचे बोळे घालून शांतपणे बशीत बिस्किटं मांडत होती.

"अगं, हे इथं येतंय!" हेडक्लार्क ओरडले.

बायकोनं एका कानातला बोळा काढला. "आठवडाभर काय सांगतेय मी?"

साडूभाऊ धावत आले, बुक्की खाऊन थक्क झाले, परत खुर्चीत जाऊन बसले, पुन्हा आले. "कमाल आहे," ते म्हणाले. "आवाज भिंतीवर आपटून परत येतो ना, तो येणारा आणि जाणारा एखाद्या ठिकाणी एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्या घरात दणका, आणि नेमकी ही खुर्ची कोरडी." तेवढ्यात मास्तर हातात तुटकं घड्याळ घेऊन दारात उभे राहिले, आणि आतून आईनं आवाज दिला, "अरे, आज तर थेंब घातलेसुद्धा नाहीत."

हेडक्लार्कांची मान मात्र ताठ झाली. वाजलं होतं. अगदी साडूसमोर वाजलं होतं. "अट काय होती?" त्यांनी बायकोला विचारलं. "वाजलं, म्हणजे खोकं कोपऱ्यात राहणार."

"राहू दे की," बायको गोड हसून म्हणाली. "माझं कुठं काय म्हणणं आहे? भाऊजी, जरा ही खुर्ची उचलायला हात लावता का?"

तेव्हापासून हेडक्लार्कांची खुर्ची स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी आहे. संगीत ऐकायचं तर तिथंच बसावं लागतं. आणि ओट्याशेजारी रिकाम्या हातानं बसलेला माणूस बायकोला बघवत नाही, म्हणून त्यांच्या मांडीवर सोलायच्या वाटाण्यांचं ताट असतं. छाती चांगली हलते. वाटाणेही हलतात, त्यामुळे निम्मे ओट्याखाली जातात आणि ते वाकून गोळा करावे लागतात.

हॉलमध्ये खुर्चीच्या जागी आता शिलाई मशीन आहे. घरातली सगळ्यात शांत जागा. परवा गाणं लावून हेडक्लार्क कानात बोळे घालून वाटाणे सोलत होते, तेवढ्यात मशीन थांबलं आणि बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, आवाज जरा वाढवा की," ती म्हणाली. "मला तिथं काहीच ऐकू येत नाही."