ताई, लिहून ठेव!

घरातली गोष्ट भिंतीलासुद्धा कळू देत नाही, अशी सूनबाईची ख्याती होती! ख्याती पसरवली कुणी? तिनेच! म्हणून नवऱ्याने ज्या दिवशी स्वयंपाकघरात बोलकं यंत्र आणून ठेवलं, त्याच दिवशी तिने त्याच्यावर पातेलं पालथं घातलं.

"अगं, 'ताई' म्हटल्याशिवाय ते ऐकत नाही," नवरा म्हणाला. "'ताई, दूध लिहून ठेव' म्हण, की दूध यादीत!"

"मांजरही म्हणतं, बोलावल्याशिवाय मी दुधाला तोंड लावत नाही!"

सोमवारपासून तिला कामावर हजर व्हायचं होतं. आठ महिन्यांचं बाळ सासूबाईंच्या भरवशावर. त्या कालच बॅग घेऊन आल्या होत्या. रुसून परत गेल्या, तर नोकरीवर पाणी! त्यांच्यासमोर तोंड शिवलेलं बरं. पण पोटातलं कुठेतरी ओकायला हवंच ना? तिने स्वयंपाकघराचं दार लावून थोरल्या बहिणीला फोन केला.

"ताई, लिहून ठेव, दोन दिवसांत बॅग भरतील! ताई, लिहून ठेव, घोरण्यात मिक्सर हरेल! आणि ताई, लिहून ठेव, बाळाला डायपर उलटं लावतील आणि वर मलाच शिकवतील!"

तिकडे बहीण खो खो हसली. इकडे पातेल्याखाली कुणीतरी इमानेइतबारे लिहून ठेवलं.

संध्याकाळी सासूबाई पिशवी घेऊन दुकानात निघाल्या. लेकाने शिकवलं होतं तसं त्यांनी पातेलं उचलून विचारलं, "काय गं ताई, काय काय आणायचंय?"

"दूध. साबण. दोन दिवसांत बॅग भरतील. घोरण्यात मिक्सर हरेल."

सासूबाईंनी मान वळवली. "कोण गं ही बॅग भरणारी?"

"ती... शेजारीण!" सूनबाई चाचरली.

"बाळाला डायपर उलटं लावतील आणि वर मलाच शिकवतील," यंत्राने यादी पूर्ण केली.

सासूबाई खोलीत गेल्या. बॅगेची चेन वाजली. सर्र! बाळाला कडेवर घेऊन सूनबाई धावली.

"आई, चुकलं माझं! जाऊ नका हो!"

"जाते कुठे? दोन दिवस कुठे झालेत अजून!" सासूबाईंनी बॅगेतून वही काढली. खांदे गदगदा हलत होते. हसू काही आवरेना. "बाळाच्या खाण्याझोपण्याच्या वेळा यात लिही. वही निदान चारचौघांत बोलत नाही. आणि डायपरचं चित्र काढ. पुढची बाजू कुठली ते बाणाने दाखव."

सूनबाईने मान खाली घालून ठळक बाण काढला.

उलटा!