आप्पासाहेबांच्या घरचा पाक

"आप्पासाहेब, तुमच्या घरच्या साखरेनं हे निळं पाणी लाल करून दाखवतो! लावता पैज?"

रविवारी सकाळी हडपसरच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उत्तरेश्वरनं आरोळी ठोकली आणि दात घासणारी माणसं ब्रशासकट गॅलरीत आली!

झालं होतं असं, की आप्पासाहेबांचा मुलगा पियुष, क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवणारा, सोसायटीतल्या पोरांना प्रयोग दाखवत होता. नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात ग्लुकोज, खाली स्पिरिटचा दिवा, की लालभडक!

"पण साधी साखर टाकली तर निळंच राहतं," पियुष सांगत होता. "साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं जोडपं. एकमेकांचे हात इतके घट्ट धरलेत, की तिसऱ्याशी रिॲक्शनच नाही!"

"आमच्याकडे तीस वर्षांत कुणी धरले नाहीत ते," गॅलरीतून उत्तरेश्वरची बायको दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यावर उत्तरेश्वरनं ती आरोळी ठोकली. आप्पासाहेब सोसायटीचे चेअरमन. सोसायटी जिच्यावर बांधली ती जमीनही त्यांचीच होती. ते खवळले. "पोरगं एमएस्सी हाय माझं! लागली पैज. हरलास तर वर्षभर व्हॉट्सॲप ग्रुपच्या बाहेर!"

उत्तरेश्वरनं खिशातला मोबाइल चाचपला. वर्षभर ग्रुप नाही? मग 'पाण्याच्या टाकीत मगर' असले मेसेज टाकायचे कुठं? गड्याचं जेवण गेलं नसतं! पण माघार घेईल तर तो उत्तरेश्वर कसला!

"आणि तुम्ही हरलात तर माझी स्कूटर इथंच, सगळ्यांसमोर धुवायची. साखर तुमच्या घरची. मी बोटही लावणार नाही."

पियुषनं घरून चमचाभर साखर आणली, विरघळवली, तापवली. निळं ते निळंच! टाळ्या पडल्या.

"टाक निरोपाचा मेसेज!" आप्पासाहेबांनी मिशी पिळली.

"थांबा की. वहिनी, आज गुलाबजाम केलेत ना? त्यातला चमचाभर पाक द्या."

"पप्पा, एक मिनिट..." पियुष म्हणाला.

"तू गप! पाक म्हंजे बी साखरच की! आण गं विजयमाला, हौस फिटू दे ह्याची!"

पाक आला. पियुषनं चार थेंब नळीत सोडले आणि दिवा लावला. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं. आणि मग नळीत जणू वीटभट्टीच पेटली, लालेलाल!

"घरभेद्या!" आप्पासाहेब पोरावर धावले.

"मी काही नाही केलं! मम्मी, पाकात लिंबू पिळलंस का?"

"पिळणारच! नाही पिळलं तर पाकाची परत साखर होते. सासूबाईंनीच शिकवलंय मला."

पियुषनं डोकं धरलं. "आंबट घालून उकळलं की जोडपं तुटतं, पप्पा. दोघांचे हात मोकळे! मग लाल होणारच."

उत्तरेश्वर मिशीत हसला. शाळेच्या प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं नळ्या धुतल्या होत्या त्यानं! आणि विजयमालाबाईंच्या पाकाची कधीच परत साखर का होत नाही, हे मागच्या दिवाळीला दुसरी वाटी मागताना त्यांनाच विचारून ठेवलं होतं.

कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात पाइप! चेअरमनसाहेब स्कूटर धुऊ लागले, तसे सगळ्या गॅलऱ्यांतून मोबाइल बाहेर आले. चिखलाखालून स्कूटर चक्क पोपटी निघाली! उत्तरेश्वर राजासारखा तिच्यावर बसला आणि त्यानं किक मारली. एक, दोन, सात. स्कूटर ढिम्म!

"प्लगात पाणी घातलंत, आप्पासाहेब," त्यानं सुस्कारा सोडला.

आप्पासाहेब ओशाळले. "बस, ढकलतो." आणि खरंच ढकलली! इमारतीला एक फेरी, दोन फेऱ्या. उत्तरेश्वर दोन्ही बाजूंना नमस्कार करत चालला होता, पालखीत बसल्यागत.

तिसऱ्या फेरीला दुर्गाबाई ओरडल्या, "अहो, त्यांना कशाला दमवताय? पेट्रोल कालच संपलंय ना!"

आप्पासाहेब थांबले. शांतपणे मागं गेले आणि पाइप उचलून आणला.

त्या दिवशी उत्तरेश्वरसुद्धा स्वच्छ निघाला.