सहाशे एकावं तोंड

कुत्र्याचं पिल्लू जेवत नाही ही काही अडचण आहे, असं मॅनेजरसाहेबांना मुळात वाटलंच नाही. त्यांची हयात कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेली होती. रोजची सहाशे तोंडं! त्यांत दात नसलेली होती, पथ्यवाली होती, सकाळी बायकोशी भांडून आलेली होती, आणि आयतं मिळालं तरी नाक मुरडणारी तर निम्म्याहून जास्त होती. या सगळ्यांना वेळच्या वेळी खाऊ घालून निवृत्त झालेला माणूस वीतभर पिल्लापुढे हात टेकणार?

"सहाशे सांभाळली, हे सहाशे एकावं," ते फोनवर लेकीला म्हणाले. "महिन्याभरात भोपळा करून दाखवतो त्याचा."

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. आई जाऊन वर्ष झालं तेव्हा तिने बाबांना आपल्याकडे न्यायचा प्रयत्न केला. बाबांनी गुडघ्यापासून हवामानापर्यंत सगळी कारणं पुढे केली. मग एका रविवारी ती खोक्यातून हे पिल्लू घेऊन आली आणि म्हणाली, की घरात एक जिवंत माणूस हवं. पिल्लू हे माणूस कसं, हे विचारेपर्यंत तिच्या परतीच्या बसची वेळ झाली होती. जाताना तिने एक अट मात्र घातली. महिन्याभरात पिल्लाने अंग धरलं नाही, तर ते तिच्या मैत्रिणीच्या घरी जाईल. तिथे अंगण आहे, दोन मुलं आहेत. मॅनेजरसाहेबांनी अट हसत हसत कबूल केली. खरं म्हणजे तेव्हा त्यांना पिल्लूच नको होतं.

पिल्लाने पहिल्याच दिवशी वाडग्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसलं.

ही पाठ साहेबांच्या ओळखीची होती. पूर्वी एकदा कॅन्टीनवर बहिष्कार पडला होता. युनियनचा लीडर भरलं ताट पुढे ठेवून असाच भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची मागणी एकच : साहेबांनी आमच्यात बसून जेवावं. साहेबांनी ती साफ फेटाळली. वाढणाऱ्याने चव घ्यावी, पंगतीत बसू नये, हा त्यांचा बाणा. शेवटी दर शुक्रवारी गोड द्यायचं कबूल झालं आणि तडजोड झाली. मागणी तशीच राहिली. त्या आठवणीखातर पिल्लाचं नाव पडलं लीडर.

साहेब स्वतःही घरात कधी बसून जेवले नव्हते. दिवसभर चवी घेऊनच पोट भरायचं. रात्री ओट्यापाशी उभ्याने दोन घास टाकले की झालं. बायको टेबलाशी ताट घेऊन थांबायची, "बसा की जरा" म्हणायची, आणि मग एकटीच जेवायची. आता टेबलाच्या दोन खुर्च्यांपैकी साहेबांच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असत आणि तिच्या खुर्चीवर रद्दी. रद्दीचा गठ्ठा वाढत वाढत इतका उंच झाला होता, की स्वयंपाकघरातून पाहिलं तर कुणीतरी पाठमोरं बसलंय असं वाटे. रद्दीवाला खाली हाका मारत येई आणि जाई. साहेब त्याला वर बोलावत नसत.

असो. मुद्दा लीडरच्या आहाराचा.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी लीडरला वजनकाट्यावर ठेवला. वजन हवं होतं त्याहून कमी भरलं. बाई तरुण होत्या, मोजकं बोलत. त्यांनी पिल्लांसाठी मिळणारं एक साधं कोरडं खाणं सुचवलं. थोडं थोडं, दिवसातून चारदा. खाणं रोज बदलू नका, मीठ-मसाला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

मॅनेजरसाहेबांना हा आपल्या धंद्याचा अपमान वाटला. रोज एकच मेनू? तो तुरुंगात असतो! त्यांनी बाईंना मान डोलावून होकार दिला आणि घरी येऊन आठवड्याचा तक्ता फ्रिजवर लावला. सोमवारी उकडलेली कोंबडी, मंगळवारी मऊ भात आणि गाजर, बुधवारी अंडं, गुरुवारी मासा. शिवाय बाजारात मिळतील तितक्या जातींची पाकिटं. साहेब वाडगा ठेवत, हात मागे बांधून दोन पावलांवर उभे राहत आणि कॅन्टीनमध्ये टेबलांमधून फिरत तसे वाडग्याभोवती फिरत. लीडर त्यांच्याबरोबर मान फिरवी. फेरी पूर्ण झाली की भिंतीकडे वळे.

आठवडा गेला. लीडरच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या, आणि मधल्या मध्ये एक भलतीच गोष्ट घडली. साहेब ज्या खोलीत जातील तिथे लीडर मागोमाग जायचा. साहेबही बोलू लागले. "गॅस बंद केला हं." "किल्ली घेतली." "आज वारा सुटलाय बघ." वर्षभर ही वाक्यं त्यांच्या घशातच राहत होती, कारण ऐकणारं कुणी नव्हतं. आता ऐकणारा होता, तो नेमका जेवत नव्हता. आणि जेवला नाही तर त्याला अंगणात जावं लागणार होतं.

तेव्हा साहेबांनी मूळ तत्त्वाला हात घातला. चव घेतल्याशिवाय पदार्थ बाहेर जाऊ द्यायचा नाही! कॅन्टीनचा हा पहिला नियम ते म्हातारपणात विसरले होते. त्यांनी चमचा घेतला, पाकीट फोडलं आणि दाणे तोंडात टाकून डोळे मिटले. पुठ्ठ्याच्या शेजारून कोंबडी चालत गेली असावी, अशी चव. त्यांनी कोमट पाणी घातलं. पुन्हा चमचा. आता पुठ्ठा ओला झाला होता. दुसरं पाकीट माशाचं. ते त्यांनी जरा जास्तच खाल्लं, कारण निर्णय होईना.

हे सगळं समोरच्या दारातून वहिनी पाहत होत्या.

या वहिनी कपडे शिवत. उजेडासाठी त्यांचं मशीन दाराशी असे, आणि दार साहेबांच्या दारासमोर. मशीनवर बसल्याजागी त्यांना साहेबांचा ओटा थेट दिसे. त्यांनी पाहिलं ते असं : एक एकटा म्हातारा उभा आहे, कुत्र्याचं चित्र असलेल्या पाकिटातून चमच्याने खातोय, आणि वर पाणी घालून दुसऱ्यांदा घेतोय. वहिनींची सुई कापडाऐवजी बोटात गेली.

वहिनी मनाने चांगल्या. कुणाची अब्रू जाऊ नये म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी झाकलेला डबा साहेबांच्या दाराशी ठेवला आणि बेल वाजवून पळाल्या.

साहेबांनी डबा उघडला. आत गरम रस्सा आणि भात. त्यांना गहिवरून आलं. पिल्लू जेवत नाही हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. वहिनींनी त्याच्यासाठी केवढी तसदी घेतली! त्यांनी नियमाप्रमाणे एक चमचा चव घेतली, रस्सा धुऊन काढला आणि उरलेलं लीडरपुढे ठेवलं. लीडरने भिंत पाहिली. संध्याकाळी साहेब धुतलेला डबा घेऊन समोर गेले आणि धंद्यातल्या माणसाच्या सरळपणाने म्हणाले, "लीडरला पसंत पडलं नाही, वहिनी. तेलाचा हात जरा आखडता घ्या."

माणसाचं जेवण कुत्र्याला आणि कुत्र्याचं स्वतःला! म्हातारा कामातून गेला, यात त्यांना शंका उरली नाही. दार लावून त्यांनी साहेबांच्या लेकीला फोन केला.

लेकीने लगेच बाबांना फोन लावला. आधी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हणाली, "बाबा, आज काय खाल्लंत?"

साहेब कधी खोटं बोलत नसत. "सकाळी कोंबडीचं होतं, कुरकुरीत. ते बरं आहे. माशाचं मात्र वासाला उग्र. उद्या मेंढीचं उघडणार आहे."

मग लेक एवढंच म्हणाली, की मी सकाळच्या बसने येते.

ती आली ती रिकामी बॅग घेऊनच. मागोमाग गळ्यात टेप अडकवलेल्या वहिनी. साहेब तेव्हा मेंढीच्या पाकिटाशी होते आणि चमचा तोंडात होता. लेकीने तो चमचा काढून घेतला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, बॅग भरा. तुम्ही माझ्याकडे यायचं. पिल्लू मैत्रिणीकडे जाईल."

"का?"

"तुम्ही कुत्र्याचं खाणं खाताय!"

"मग चव न घेता वाढू?" साहेब खरोखर दुखावले होते. "इतकी वर्षं मी तुझ्या आईच्या हातचंसुद्धा चव न घेता कुणाला वाढू दिलं नाही!"

लेक आणि वहिनी एकमेकींकडे पाहू लागल्या. उलगडा व्हायला थोडा वेळ लागला, आणि तो झाल्यावर वहिनींनी तेलाच्या विषयावर काही बोलून घेतलं. पण लेकीचा निश्चय हलला नाही. खाणं चवीसाठी असेल नाहीतर भुकेसाठी. बाबांचे गाल बसले होते आणि पिल्लाच्याही फासळ्या दिसत होत्या. दोघांत एकाचंही वजन वाढलेलं नव्हतं. ती म्हणाली, निघायचं ते निघायचंच. आधी माझ्यासमोर चार घास नीट बसून खा.

तिने वाटेत खायला घेतलेला पाव आणि उकडलेली अंडी काढली. बाबांच्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले. मग समोरच्या खुर्चीवरच्या रद्दीला हात घातला.

"ते राहू दे," साहेब पटकन म्हणाले.

"मग मी कुठे बसू?"

गठ्ठा खाली उतरला. लेक आईच्या जागी बसली. साहेब आपल्या खुर्चीवर अवघडून टेकले, जसं काही दाताच्या डॉक्टरकडे आलेत. त्यांनी पावाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि खाली मान घालून चावू लागले.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. कुरुम. कुरुम कुरुम.

कुणीच हललं नाही. सकाळचं पहिलंच पाकीट, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं ते साधं खाणं, वाडग्यात तसंच पडलं होतं. लीडर त्यात नाक खुपसून खात होता.

साहेब आनंदाने उठून उभे राहिले. आवाज थांबला. लीडरने वाडग्यातून डोकं काढून त्यांच्याकडे पाहिलं. साहेब बसले. कुरुम कुरुम. वहिनींचा विश्वास बसेना, म्हणून त्यांनी साहेबांना आणखी दोनदा उठवलं-बसवलं. तिन्ही वेळा निकाल एकच. मागणी जुनीच होती. या वेळी शुक्रवारच्या गोडावर तडजोड होण्यासारखी नव्हती, एवढंच.

वहिनी हसू लागल्या. लेक मात्र हसली नाही. ती वाडग्याकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "आईपण अशीच थांबायची, बाबा."

साहेबांनी दुसरा तुकडा मोडला. तो गिळायला त्यांना फार वेळ लागला. लीडरची मात्र काही हरकत नव्हती. तो जोडीने खात राहिला.

संध्याकाळच्या बसने लेक रिकामी बॅग घेऊन परत गेली. पिल्लू राहिलं. रद्दी रद्दीवाल्याने नेली. रिकाम्या खुर्चीकडे पाहत जेवणं साहेबांना पहिले काही दिवस जड गेलं. मग लीडर तिच्यावर चढायला शिकला आणि जेवण आटपलं की तिथेच झोपू लागला.

आता दिवसातून चारदा साहेब टेबलाशी बसू लागले. पिल्लाला चारदा द्यायचं म्हणजे साहेबांनीही चारदा खायचं. नुसतं बसून दाखवलं तर लीडर ओळखायचा. काही महिन्यांत साहेबांची पँट कमरेला बसेना. वहिनींनी ती दोनदा सैल करून दिली आणि तिसऱ्यांदा, तेलाचा मुद्दा लक्षात ठेवून, म्हणाल्या की आत कापड उरलेलं नाही, आता तोंडाचा हात जरा आखडता घ्या.

डॉक्टरीणबाईंनी लीडरला पुन्हा काट्यावर ठेवला. लीडर आता काट्यावर मावत नव्हता. बाईंनी त्याचे दात पाहिले, पोट दाबलं आणि समाधानाने सांगितलं, की आता हा मोठा झाला. चारदा द्यायची गरज नाही. दोन वेळा पुरे.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडला.

"दोनच?"

"दोनच. खरं तर तुम्हालाही..." बाईंनी त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"एकदम नका हो तोडू," साहेब म्हणाले. आवाज त्यांनी धंद्यातल्या माणसाचा ठेवला होता, पण तो नीट जमला नव्हता. "तीन ठेवू या. दुपारी चार वाजता सगळीकडे फार शांत असतं. त्या वेळी तो एकटा काय करणार?"

बाईंनी लीडरकडे पाहिलं. तो तपासणीच्या टेबलावर आडवा पडून घोरत होता. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि कागदावर मुकाट्याने 'तीन वेळा' असं लिहिलं. वर पेशंटचं नाव लिहिताना मात्र त्यांचं पेन क्षणभर अडलं.