मास्तरांची फुलणारी भिंत

"बायकोचा चेहरा पंचवीस वर्षं वाचतोय मी. माझी भिंत चुकणं शक्यच नाही!" ड्रॉइंगमास्तर भेटेल त्याला छाती फुगवून सांगत सुटले होते.

भिंत प्लायवूडची. तिच्यावर चारशे कापडी फुलं, प्रत्येकामागे चिमुकली मोटर आणि मधोमध कॅमेरा. समोर खूश माणूस आला की फुलं उमलायची, नाराज आला की मिटायची. चेहरा ओळखायचं काम एआयचं! त्याला शिकवायला मास्तरांनी बायकोचे तीन हजार फोटो दाखवले आणि प्रत्येकाखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'खूश' नाहीतर 'नाराज'. आठ महिने हे धूड त्यांच्या बेडरूममध्ये होतं. बायको बिचारी कपाटापर्यंत अंग चोरून जायची.

आज भिंत वाचनालयात उभी होती. ग्रंथपालबाईंना आवडली तर कायमची तिथे, नाहीतर संध्याकाळी टेम्पोतून परत बेडरूममध्ये!

पहिल्या आल्या एक आजी. भिंतीकडे बघून गोड हसल्या आणि खटाखट सगळी फुलं मिटली!

"माझं काय चुकलं रे बाबा?" आजी रडवेल्या झाल्या.

"तुमचं नाही हो, वायर सैल असेल!" मास्तरांना घाम फुटला.

तेवढ्यात पोस्टमन आला. "वाटेत काय हे झेंगट?" तो खेकसला. झालं! अख्खी भिंत फुलली.

सोबत आलेल्या बायकोने भिंतीला जोडलेला लॅपटॉप ओढला. "बघू ते फोटो. अहो, ह्याला 'खूश' लिहिलंत?"

"मग! किती शांत दिसतेस!"

"आठवडाभर अबोला धरला होता मी! आणि ह्याला 'नाराज'?"

"दातओठ खातेयस ना?"

"हसतेय! तुम्ही शिडीवरून पडलात तेव्हाचा आहे तो!"

मास्तरांनी कपाळावर हात मारला. स्विच बंद करायला धावले, पण ग्रंथपालबाई समोर येऊन ठाकल्यासुद्धा! बाईंच्या कपाळाची आठी नोकरीला लागल्यापासून हलली नव्हती. त्या आठीकडे बघून चारशेच्या चारशे फुलं उमलली.



"इतकी वर्षं झाली," बाईंचा आवाज कापरा झाला, "मला बघून कुणी असं फुललं नव्हतं हो." आणि त्यांच्या ओठांचे कोपरे हळूहळू वर सरकायला लागले.

कडेची फुलं थरथरली. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. मेलो! बाई हसल्या की संपलं!

"बाई!" बायको ओरडली. "त्या कोपऱ्यात कुणीतरी पुस्तकाचं पान दुमडतंय!"

"कोण आहे ते?" आठी क्षणात जागेवर! फुलं पुन्हा टवटवीत. कोपऱ्याकडे निघता निघता बाई म्हणाल्या, "मास्तर, भिंत इथेच राहणार. तिला हात लावायचा नाही!"

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. "वाचवलंस गं! आता तरी खूश ना?"

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी तो चेहरा चष्मा पुसून न्याहाळला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. काही म्हणजे काही कळेना!

"अगं," ते हळूच म्हणाले, "जरा भिंतीसमोर उभी राहतेस का?"