गाळाच्या सहा नळ्या

दिनकरमामांच्या दारात आधी खिसे रिकामे करावे लागत. किल्ल्या, मोबाइल, केसांतल्या पिना, सगळं बाहेरच्या स्टुलावर. "लोखंड भाईर ऱ्हाऊ दे पावणं, मग आत या." गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी पाना बाहेर ठेवायला लावला.

"मग नट दातानं फिरवू व्हय?"

"बघा की, जमतंय का," मामा शांतपणे म्हणाले.

मामा कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यांच्या फ्रिजमध्ये भाजी कमी आणि तळ्यांतल्या गाळाने भरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या जास्त. गाळ तळाशी बसताना त्यातले बारीक लोहकण होकायंत्राच्या सुईसारखे वळतात आणि तसेच गाडले जातात. शेकडो वर्षांत सुईची उत्तर कुठे कुठे सरकली, ते त्या थरांतून कळतं. लोखंड जवळ आलं तर ते कण बिघडतील, ही मामांची धास्ती; फ्रिज लोखंडाचाच होता, ते वेगळं. म्हणून गाळ काढतानाच नळीवर उत्तरेची रेघ मारायची. रेघ नसेल तर कण कुठे बघत होते, ते कोण सांगणार?

गेल्या वर्षी मामी वारल्या. त्यानंतर स्टुलावर बहुतेक माझ्याच किल्ल्या असत.

या महिन्यात त्यांच्या मुलाने मामांना पुण्याला न्यायचं ठरवलं. शेजारीण म्हणून आवराआवर माझ्याकडे आली. मी यादी केली: भांडी, पुस्तकं, औषधं, नळ्या. नळ्या चाळीस होत्या. मामांनी चार कॉलेजांना फोन केले. कुठेच जागा नव्हती. मुलाने गाडीत एकच खोकं बसेल म्हणून सांगितलं. त्यात सहा नळ्या मावत होत्या.

"मामा, सहा निवडा. बाकीच्या टाकाव्या लागतील."

पाच त्यांनी भराभर काढल्या. सहावी सगळ्यात खोल तळ्यातली, त्यांची लाडकी. ती खोक्यात ठेवली, पुन्हा बाहेर काढली आणि फ्रिजच्या कोपऱ्यातून दुसरीच आणली. स्वच्छ, चकचकीत.

"मामा, हिच्यावर रेघच नाही."

"न्हाय. तुझ्या मामीनं धुतली. दिवाळीत फ्रिज पुसताना काथ्यानं घासली, वर मला बोलावून दाखवली."

"मग ही काय कामाची?"

"कायबी कामाची न्हाय." ते नळी फडक्यात गुंडाळत होते. "हिच्यापायी आठ दिस बोललो न्हाय मी तिच्याशी. आठ दिस, शोभा."

त्यांनी ती नळी खोक्याच्या मधोमध ठेवली आणि बाकीच्या पाच तिच्याभोवती लावल्या, तिला धक्का लागू नये म्हणून.