खटक्याचं पायडल

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या थोरल्या दिरांनी माझ्या पुरणाच्या चाळणीत सायकलचे छर्रे धुतले. तेही रॉकेलनं. धुऊन झाल्यावर चाळण झटकली, पंच्याला पुसली आणि जिथल्या तिथं खिळ्याला अडकवून ठेवली. वर मलाच ऐकवलं, ‘‘बघ, वस्तू जाग्यावर ठेवायची सवय हाय मला. तुमच्यागत न्हाय.’’ दुसऱ्या दिवशी पुरण वाटायला घेतलं आणि स्वयंपाकघरात पेट्रोल पंपासारखा वास सुटला. होळीला आम्ही भात-आमटी खाल्ली.

माझे दीर सर्जेराव. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांची मुलगी शुभांगीसुद्धा. नोकरी वीजबिलाच्या खिडकीवर. पण त्यांचा जीव त्या खिडकीत कधी रमला नाही. तो रमायचा सायकलच्या पायडलात. सायकलच्या बाकी अंगांशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. चाक वाकडं असलं तरी चालेल, घंटी नसली तरी चालेल, पण पायडलातून कट्कट् आवाज आला की या माणसाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे सगळं सुरू झालं नव्वदच्या आसपास. पेठेत तेव्हा सायकली पुष्कळ होत्या. अण्णा ऑफिसातून आले की दारातल्या पायरीवर बसायचे, आणि गल्लीतून कुणाचं पायडल कुरकुरत गेलं की उठून हाक मारायचे.

‘‘ओ पावणं, थांबा! पायडल रडतंय तुमचं!’’

पाव्हणा बिचारा घाबरून थांबायचा. तोवर अण्णांनी पायडल हातात धरून हलवलेलं असायचं. ‘‘हे बघा, कसं डुगडुगतंय. मुक्या वस्तूला असं छळायचं? ह्यो काय न्याय हाय काय?’’

‘ह्यो काय न्याय हाय काय’ हे त्यांचं पालुपद. दूध नासलं तरी हेच, फुटबॉलच्या सामन्यात आपल्या तालमीचा संघ हरला तरी हेच.

एकदा कोडोलीचा एक तरुण मित्राची सायकल घेऊन आमच्या गल्लीतून चालला होता. परीटघडीचा शर्ट, केसाला तेल. अण्णांनी अडवला, सायकल आडवी केली आणि पायडल उघडून छर्रे परातीत ओतले. परात अर्थात माझी. तो हात जोडून म्हणत होता, ‘‘मामा, मला मुलगी बघायला जायचंय, लोक वाट बघत बसल्यात.’’ अण्णा म्हणाले, ‘‘असल्या पायडलावर बसून गेलास तर मुलीचा बाप काय म्हणंल? बस गप.’’ तो गेला तेव्हा ऊन कललं होतं आणि शर्टाच्या बाहीवर ग्रीस होतं. लग्न जमलं की मोडलं, आम्हाला कळलं नाही. मला मात्र आजही त्या मुलाचं तोंड आठवलं की संताप येतो.

माझे यजमान अशा वेळी चप्पल घालून तालमीकडे निघून जायचे. भांडण माझ्यावर सोडून.

आता शुभीचं सांगते. ती लहान असतानाच आमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या. पोर माझ्या हाताखाली आणि अण्णांच्या सायकलच्या दांडीवर वाढली. पुढं कॉलेजात गेल्यावर शर्यतीत उतरायला लागली, आणि दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी तिनं पुण्याच्या एका खेळाडूकडून वापरलेली शर्यतीची सायकल आणली. पातळ चाकं, खाली वळलेलं हॅन्डल. आणि पायडल असं की त्याला धड पाय ठेवायला जागाच नाही. बुटाच्या तळव्याला एक ठोकळा, तो पायडलाच्या जबड्यात दाबला की खट् करून बसायचा. सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची, की पुन्हा खट्.

अण्णांनी ते पाहिलं आणि गल्ली गोळा केली.

‘‘पाय बांधून सायकल? दावं जनावराला लावत्यात, माणसाला न्हाय! पडली म्हंजे? पाय निघाला न्हाय म्हंजे? कुठल्या शहाण्यानं काढलंय हे?’’

‘‘अण्णा, निघतोय की पाय. टाच वळवली की झालं,’’ शुभी म्हणाली आणि पहिल्याच दिवशी चौकात, उभ्या सायकलवरून, टाच वळवायची विसरून सगळ्यांच्या देखत आडवी झाली. कोपर सोललं. त्या दिवसापासून अण्णांना दुसरा विषय राहिला नाही. पाय सुटाय पायजे. जेवताना तेच, बिलाच्या खिडकीवर तेच.

शुभी पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्यानं सरावाला जायची. अण्णा आधी आपली जुनी काळी सायकल घेऊन तिच्या मागं गेले. दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून पायरीवर बसायला लागले. ती येईपर्यंत पेपर नाही, तोंड धुणं नाही. फटफटायला लागलं की ती दारात यायची, टाच वळवायची, खट्. तो आवाज झाला की अण्णा उठायचे आणि आत तोंड करून म्हणायचे, ‘‘सुनंदा, चा टाक गं.’’ रोज. पोरीला एका शब्दानं ‘आलीस का’ म्हणायचे नाहीत. मी आतूनच ओरडायची, ‘‘शुभे, आलीस? दूध गरम हाय बघ.’’

मग तिची राज्याच्या संघासाठी निवड चाचणी ठरली. यातून निघाली तर शिबिर, पुढं खेळाडू म्हणून नोकरी. आणि नेमकं त्याच आठवड्यात उजवं पायडल डुगडुगायला लागलं.

अण्णांनी पुण्याच्या दुकानात फोन लावला. मी शेजारीच भाजी निवडत होते, म्हणून सगळं ऐकलं.

‘‘काका, त्याचं आतलं काही मिळत नाही हो. जोडी बदलून टाका.’’

‘‘बदला? आतला दांडा झिजला म्हणून अख्खं पायडल फेकू? गुडघा दुखला तर तू पाय बदलतोस काय रं?’’

‘‘अहो, ते उघडण्यासाठी नसतंच मुळी.’’

‘‘उघडाय नसतंय? मग मिटवलं कुणी? आँ? ज्यानं मिटवलं त्येचा नंबर दे!’’

फोन तिकडून बंद झाला. अण्णा रिसीव्हरलाच म्हणाले, ‘‘ह्यो काय न्याय हाय काय?’’

शुभीनं जाताना बजावलं, ‘‘अण्णा, हात लावू नका. मैत्रिणीची जोडी मिळती का बघून येते.’’ ती कोपऱ्यावर वळली नसेल तोवर सायकल माझ्या स्वयंपाकघरात आली होती. कारण काय, तर उजेड तिथं चांगला येतो.

डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात आणि उजव्याचे सुलटे, हे अण्णांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. जन्मभर तेच केलेलं. पण या पायडलात दांड्याभोवती एक काळं प्लास्टिकचं बूच होतं, आणि उजव्या पायडलाच्या बुचाचे आटे निघाले उलटे. अण्णांनी सुलटं समजून पाईप पाना लावला. हलेना. जोर केला. हलेना. ‘‘मस्ती करतोय व्हय?’’ म्हणून पान्याला नळीचा तुकडा जोडला आणि सगळा भार टाकला. कडाक् आवाज झाला. सोडतोय समजून ते आवळत होते. बुचाचे दोन तुकडे ओट्यावर पडले.

शुभी परत आली. मैत्रिणीकडची जोडी तिच्या बुटाला बसत नव्हती. तिनं ओट्याकडं पाहिलं, ते तुकडे उचलले, पुन्हा ठेवले. आणि माडीवर गेली. मग मात्र माझं डोकं फिरलं.

‘‘पोरीनं सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून? तिची वर्षावर्षाची मेहनत तुमच्या हौसेपायी गेली. ह्यो काय न्याय हाय काय, अण्णा?’’

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. सकाळी उठून पाहते तो अण्णा नाहीत, तुकडे नाहीत, आणि ते ज्यात घालून नेले तो माझा जेवणाचा पितळी डबाही नाही.

ते उद्यमनगरात एका ओळखीच्या लेथवाल्याच्या छातीवर जाऊन बसले होते. आमच्या कोल्हापुरात अडलेलं गाडं शेवटी उद्यमनगरातच जातं. ऊस गाळायच्या यंत्राचा दात असो नाहीतर कुलपाची किल्ली, तिथं सगळं घडवून मिळतं. अण्णांनी ऑफिसला रजा टाकली, लेथवाल्याला जेवू दिलं नाही आणि प्लास्टिकच्या जागी पितळेचं बूच करून घेतलं. दांड्यावर छर्र्यांनी घळ पाडली होती म्हणून पोलादाचा नवा दांडाही कातून, पाणी देऊन कडक करून आणला. मग माझ्या कुंकवाच्या काडीच्या टोकाला ग्रीस लावून मोहरीएवढे छर्रे एकेक करून बसवले. सगळे नवे. एक झिजलेला ठेवला तर तो बाकीच्यांना खातो, असं त्यांचं म्हणणं. मी त्या दिवशी काडीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पायडल बसवल्यावर त्यांनी शुभीचा बूट हातात चढवला. दाबला, खट्. वळवला, खट्. पुन्हा दाबला, पुन्हा वळवला. संध्याकाळभर हेच. शेवटी शुभी माडीवरून खाली आली, म्हणाली, ‘‘अण्णा, सुटतोय की. पुरे आता.’’

‘‘तुझा पाय माझ्या हातापरास जड हाय,’’ अण्णा म्हणाले आणि पुन्हा वळवला.

तिची निवड झाली. पितळेच्या बुचावर झाली, हे अण्णांनी वीजबिल भरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. शिबिर झालं, मग दूर उत्तरेत नोकरी लागली. तिकडं तिला संघाची नवी कोरी सायकल मिळाली. जुनी आमच्या बोळात भिंतीला टेकून राहिली. शुभीचा फोन रविवारी यायचा. अण्णा विचारायचे, ‘‘पायडल काय म्हणतंय?’’ ती म्हणायची, ‘‘बरं हाय.’’ एवढंच बोलून ते फोन माझ्या हातात द्यायचे.

आणि तरीही घरात रॉकेलचा डबा निघतच होता. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच पायडलाचे छर्रे बदलणं चालू. वर्षभर मी सोसलं. मग मघाशी सांगितलं त्या होळीला पुरण नासलं तेव्हा मी कमरेला पदर खोचला.

‘‘अण्णा, जी सायकल उंबऱ्याबाहेर जात न्हाय, तिचे छर्रे झिजतात कसे?’’

‘‘झिजत्यात.’’

‘‘पण कशानं?’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं? झिजत्यात म्हंजे झिजत्यात!’’ आणि तोंड फिरवून बसले.

रात्री मी ठरवलं, सकाळी उठून ती सायकलच भंगारवाल्याला द्यायची. भांडणाची वाक्यंसुद्धा तयार केली. पहाटे लवकर उठले, चूल पेटवली, आणि दारात आवाज झाला. खट्.

माझ्या हातानं आपोआप दुधाचं पातेलं पुढं ओढलं आणि तोंडातून गेलं, ‘‘शुभे, आलीस? दूध गरम हाय बघ.’’

शुभी तर तिकडं उत्तरेत, हे मग माझं मलाच कळलं. पदराला हात पुसत दारात गेले.

अण्णा पायरीवर बसले होते. सायकल स्टॅन्डवर. उजव्या हातात मनगटापर्यंत शुभीचा जुना बूट. त्या हातानं ते पायडल फिरवत होते, सावकाश, पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो तेवढा वेळ धरून फिरवत असावेत. शेजारी पेपर पडला होता, उघडलेला नव्हता. मला बघून त्यांनी बूट मागं लपवायला पाहिलं, पण ठोकळा जबड्यात अडकला होता, सुटेना.

‘‘आत ऐकाय गेलं व्हय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गेलं.’’

‘‘मला वाटलं, तू अजून निजली असशील. रोज हळू करतोय मी.’’ खाली बघत म्हणाले, ‘‘उद्यापास्नं न्हाय वाजवत.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला भयंकर राग आला.

‘‘का न्हाय वाजवत?’’ मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले. ‘‘तुम्ही एकट्यानंच ऐकायचं? पोर काय एकट्या तुमचीच हाय? ह्यो काय न्याय हाय काय?’’

अण्णांनी बुटाची टाच बाहेर वळवली. खट्. बूट सुटला.

‘‘सुनंदा, चा टाक गं,’’ ते म्हणाले.

मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं, आणि खिळ्यावरची पुरणाची चाळण काढून त्यांच्या रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवून आले.