साळुंके काकांचा हुडक्या

साळुंके काका दुकानात नसलेलीच वस्तू मागतात. गुलमंडीच्या बाजारात एखाद्या कापडाच्या दुकानात शिरतील, गादीवर ऐसपैस बसतील, आधी पाणी पितील आणि मग विचारतील, "गमबूट दाखवा बरं." पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मी लाजेने बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो होतो. काकांना गमबूट नकोच असतात. दुकानदार 'नाही' कसं म्हणतो, ते बघायचं असतं. एकाने मान वर न करता "नाय" म्हटलं. त्याच्यावर काट. दुसऱ्याने "गमबूट नायत, पण टॉवेल बघा, लई मऊ हायेत" म्हणत ढीग उपसला. त्याच्यावर दोनदा काट. तिसरा म्हणाला, "काका, आपल्याकडं नाय मिळायचे. चौकातून डाव्या अंगाला चपलांची दुकानं हायेत, तिथं बघा." तेव्हापासून काकांचे लेंगे, चादरी आणि माझ्या लग्नातला आहेरसुद्धा त्या तिसऱ्याकडून आला.

"असल्यावर कुणी बी देतंय," काका म्हणतात. "माणूस कळतो तो नसल्यावर."

काका माझे वरच्या मजल्यावरचे शेजारी. वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलं, रिटायर झाले आणि आमच्या 'खटपट'मध्ये शिरले. 'खटपट' ही आमची वेबसाइट. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, पाण्याची मोटार असली घरातली यंत्रं घरच्या घरी कशी दुरुस्त करायची, हे ती मराठीत चित्रांसकट सांगते. सगळा ओपन सोर्स मामला. मजकूर असो की साइटचा कोड, कुणीही फुकट घ्यावा, बदलावा, भर घालावी. कोडचं मी बघतो. लिहिणारे हौशी लोक गावोगावी पसरलेले आहेत. आणि काका म्हणजे आमचं सर्च इंजिन होते.

थट्टा नाही करत. साइटवर पानं वाढत गेली, पण त्यातलं हवं ते शोधायची सोयच नव्हती. कोपऱ्यात काकांचा नंबर तेवढा दिलेला. लोक फोन करायचे, काका डोळे मिटून लक्षणं ऐकायचे आणि बरोबर त्या पानाची लिंक पाठवायचे. जेवताना फोन, दाढी करताना फोन, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला गेले असताना फोन. तिथं गुरुजींना थांबवून त्यांनी कूलरच्या पंपाची चौकशी केली. वाळूजची पोरं शिफ्ट सुटली की बसमधून ओरडून बोलायची. कन्नडच्या मंगलताई शिवणकाम करतात. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांची मशीन हटकून बिघडायची, कारण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं.

"काका, मशीन रुसली."

"खालचा दोरा तुटतोय का वरचा?"

"खालचा."

"बॉबिन काढा, फुंकर मारा, लिंक धाडतो."

एवढंच बोलणं. काका फोनवर 'कसे आहात' वगैरेच्या भानगडीत कधी पडले नाहीत. बिघाड सांगा, उपाय घ्या, चला.

पण साइटवर लिहिणारे वैतागले. एवढं मरमर करून लिहायचं आणि ते कुणाला सापडतच नाही, म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. सर्च बसवा, नाहीतर आम्ही लिहायचं थांबतो, असं त्यांनी ऑनलाइन बैठकीत बजावलं. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बसवा. पण हुडक्या मी निवडणार."

हुडक्या म्हणजे सर्च इंजिन. हुडकतो तो हुडक्या, हे काकांचं बारसं. निवडायचा हट्ट कशासाठी, हे मला चांगलं ठाऊक होतं. काकू गेल्यापासून त्या घरात जो काही आवाज होता तो या फोनचा. हुडक्या आला की फोन थांबणार. आपल्या जागेवर येणारा माणूस आपणच निवडायचा, असला तो प्रकार होता. काका प्रत्येकात खोट काढून वर्ष दोन वर्षं सहज ढकलतील, अशी माझी खात्री होती.

सुरुवात तशीच झाली. पहिला हुडक्या मी सुचवला. एका मोठ्या कंपनीचा, ओपन सोर्सवाल्यांना फुकट. कोडच्या चार ओळी चिकटवल्या की काम फत्ते.

"फुकट कामून देतोय त्यो?" काकांनी विचारलं.

"चांगलं काम करतो म्हणून, काका."

"आन लोक काय हुडकतात, ते त्याला कळणार?"

"कळणार. त्यांच्याच कॉम्प्युटरवर शोधलं जातं ना."

"मग नको. मंगलताईच्या घरात काय बिघडलंय, ते त्याला कशाला? उद्या तो तिला नवी मशीन विकायला बसंल."

दुसरा भारी होता. नाव घेतलं की आमच्या धंद्यातले लोक खुर्चीत सरळ बसतात. पण त्याला वेगळा सर्व्हर लागत होता आणि तो मेमरी खात होता राक्षसासारखी. काकांनी महिन्याचं भाडं विचारलं आणि "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला" म्हणून चहाला उठले. उठण्याआधी नेहमीची परीक्षा घेतलीच. त्यांनी शोधलं 'हेलिकॉप्टर'. आमच्याकडे हेलिकॉप्टरचं पान नाही, हे सांगायला नकोच. हुडक्याने छाती फुगवून छताच्या पंख्याचं पान दाखवलं.

"हा टॉवेलवाला," काका म्हणाले.

तिसरा अगदी लहान. त्याला सर्व्हर नको, कंपनी नको. साइट तयार करतानाच शब्दांची सूची बनते आणि शोधणाऱ्याच्या फोनमध्येच सगळा शोध होतो. कोण काय शोधतंय, ते बाहेर कुणाला कळत नाही. हेलिकॉप्टर विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं, काही सापडलं नाही. काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "हा खरं बोलतोय," ते म्हणाले.

खोट काढायची तर यात होतीच. हुडक्या अक्कलशून्य होता. 'मिक्सर' म्हटलं की तो भांड्याखालचं कपलिंग बदलायचं पान सोडून वाळूजच्या एका पठ्ठ्याचं मनोगत आणायचा, कारण त्या गड्याने बायकोच्या माहेरहून आलेल्या मिक्सरचं साग्रसंगीत चरित्र लिहून ठेवलं होतं आणि त्यात ओळीओळीला मिक्सर होता. 'मशीन रुसली' म्हटलं की हुडक्याची वाचाच बसायची. एवढं निमित्त काकांना पुरेसं होतं. नापास करून मोकळं व्हायचं, फोन चालूच राहिला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे. "इंजिनेर, त्या पोराला शिकवलं नाय तर त्याला यील कसं?"

मग आमची शिकवणी सुरू झाली. प्रत्येक पानाखाली लोकांच्या तोंडचे शब्द घालायचे, म्हणजे हुडक्याला ते पान सापडेल. मी टाइप करायचो, काका डोळे मिटून सांगायचे. "दोरा तुटणे, इथं लिही, मशीन रुसली. मोटार हवा धरते, तिथं लिही, नुसती घरघर, पाणी नाय. पैठणचे एक मास्तर म्हणायचे, मोटारीला दम लागतो. त्ये बी घाल." इतक्या वर्षांत ज्यांनी ज्यांनी फोन केला, त्या सगळ्यांचं बोलणं काकांनी त्या हुडक्याच्या पदरात टाकलं. हातचं काही राखून ठेवलं नाही. मला ते बघवत नव्हतं आणि तिथून उठवतही नव्हतं.

शेवटी 'काही सापडलं नाही' हा निरोप बदलायचा राहिला. काकांनी सांगितलं, "लिही, आपल्याकडं अजून नाही. लवकरच लिहू." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "खाली माझा नंबर टाकायचा का?"

"टाकू की, काका."

त्यांनी खिडकी ओढून घेतली. "राहू दे," म्हणाले. "नंबर दिसला की लोक हुडकत नायत, फोनच करतात. मग हुडक्याला सवय कशी लागंल? कोपऱ्यातला बी काढ."

सर्च सुरू झाला आणि लिहिणारे खूश झाले. कुणी फटाक्यांची चित्रं पाठवली, कुणी पेढ्यांची. मी काही दिवसांनी वर गेलो तर काका टेबलावर फोन ठेवून त्याच्यासमोर बसले होते.

"मला एक फोन लाव बरं," ते म्हणाले. "बेल बिघडलीय बहुतेक."

मी लावला. चांगली खणखणीत वाजली.

"चांगली हाय की," काका म्हणाले आणि फोन उलटा करून ठेवला. घर इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येत होता. काकांच्या घरात नळ ठिबकतो, हेच मला सहन होईना. काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी झडप घालून उचलला आणि सवयीने स्पीकर लावला.

"बोला, काय बिघडलं?"

"काय नाय बिघडलं," पलीकडे मंगलताई होत्या. "त्या हुडक्यात समदं सापडतंय, काका. मशीन रुसली म्हणलं तरी कळतंय त्याला. म्हणलं लई दिवसांत तुमचा आवाज नाय. जेवलात का?"

"मशीन?" काकांनी विचारलं.

"बरी हाय."

"मोटार?"

"ती बी बरी हाय की."

काकांनी फोनवर तळवा दाबला आणि घाबऱ्या आवाजात मला म्हणाले, "हिला कायच नकोय. असले फोन मी तुझ्या काकूला द्यायचो. आता काय बोलू?"

"जेवलात का विचारतायत. ते सांगा."

त्यांनी हात काढला, घसा साफ केला. "जेवलो," म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "वांगं केलं व्हतं. करपलं."

"खालून करपलं का मसाला करपला?" मंगलताईंनी विचारलं.

काकांनी खुर्ची पुढं ओढली, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.